एका प्लॉटवर एक चूल

आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या आत्याच्या दातांनी जेवतात. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे येतात, त्यांत ती प्लॅस्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते, मग ते मेण काढून हिरडीच्या रंगाचा गुलाबी मसाला भरते आणि शेवटी घासून घासून असं लखलखीत करते की मूळ दातांना लाज वाटावी. रस्त्यात कोणी हसून हाक मारली की ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, वरच्या दातांकडे बघते. तो पुढे गेला की मला म्हणते, "एका बाजूनं चावतो मेला. सांगून ऐकत नाही." लॅबच्या मालकापासून सगळे तिला दातवाली म्हणतात आणि ती ते नाव पदवी मिळाल्यासारखं मिरवते. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कुणाचं माप बसलं नाही."

ही आत्या आमच्या घराच्या मागे, आमच्याच प्लॉटवर राहायची. ‘राहायची’ म्हणताना अजून माझी जीभ अडखळते. जे झालं ते इतक्या साध्या रीतीने झालं की आजही मला त्याचा धक्का बसतो, आणि धक्का बसला की मला राग येतो. तेव्हा थोडं चढ्या आवाजात सांगितलं तर समजून घ्या.

आधी ती आमच्यातच होती. घर एक, स्वयंपाकघर एक आणि त्यात माझी आई नि ही तिची नणंद. एका म्यानात दोन तलवारी. भांडण मात्र कधी झालं नाही, झालं असतं तर निदान हवा तरी मोकळी झाली असती. आत्या लॅबमधून अवेळी यायची, नखांत मेण अडकलेलं, केसांत प्लॅस्टरची भुकटी. तिला चहा हवा असायचा. ती ओट्याकडे वळली की आई म्हणायची, "थांबा वन्सं, मी करते." आईच्या मनात काही नसायचं, पण आत्याला तो ‘थांबा’ दातात अडकलेल्या काडीसारखा सलत राहिला. एक दिवस ती बाबांना म्हणाली, "दादा, मला माझी चूल हवी."

बाबांनी मागच्या रिकाम्या जागेत तिच्याच साठवणीतून एक खोली बांधून दिली. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला ओटा, शेगडी, नळ आणि आमच्या स्वयंपाकघरासमोर येणारी एक खिडकी. आईने ते फार मनाला लावून घेतलं. "घरात राहून चूल वेगळी," ती येईल त्याला सांगायची, "जणू मी यांना उपाशी ठेवत होते." त्यानंतर दोघींचं बोलणं कामापुरतं आणि अतिशय सभ्य झालं. वाटीतून काही गेलं की तीच वाटी भरून परत यायची, रिकामी कधी नाही, आणि आलेल्यात मीठ कमी आहे की जास्त यावर दोन्हीकडे शांतपणे शेरे मारले जायचे.

पण मी त्या खोलीत आत्याला पाहिलं आहे. भांडी मापाने टांगलेली, चमचे पांढऱ्या फडक्यावर लॅबमधल्या हत्यारांसारखे ओळीत मांडलेले. भर दुपारी किंवा जेवणानंतर तासाभराने, मनात येईल तेव्हा ती एक अंडं उकडायला ठेवायची आणि पाण्याचे बुडबुडे बघत गाणं म्हणायची. आमच्या घरात तिला मी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. त्या शेगडीपाशी ती कोणाची बहीण, कोणाची नणंद नसायची. तिचं जे काही या जगात स्वतःचं होतं, ते तेवढंच होतं.

आता बाबांकडे वळते. बाबा बस डेपोत वेळापत्रक सांभाळण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना परवानगी मागायची भारी हौस. शेजारचं कुत्रं पुढच्या भिंतीवरून उडी मारून येतं म्हणून भिंत हातभर उंच करावी असं त्यांच्या मनात आलं. आमच्या भागात घरबांधणीचे नियम पुष्कळ आहेत. पुढची भिंत कमरेच्या वर न्यायची नाही, घर रस्त्यापासून इतकं आत हवं, छप्पर इतकंच उंच हवं. गल्लीत बाकी सगळे आधी बांधतात आणि मग कोणी विचारलं तर विचार करतात. बाबा म्हणाले, "विचारून केलेलं बरं." आणि नियोजन कार्यालयात अर्ज देऊन आले. सुखातला जीव दुःखात घालणं म्हणतात ते हेच.

भिंत बघायला कार्यालयातून एक तरणा, लाजराबुजरा माणूस आला. हातात मोजायची टेप, बोलणं अगदी हळू. भिंत मोजून झाल्यावर आईने त्याला बाहेरच्या खोलीत बसवून चहा दिला. त्याने कप खाली ठेवला न ठेवला तोच मागच्या वाटेने आत्या आली. हातात ट्रे, त्यावर तिची ठेवणीतली किटली. आमच्याकडे पाहुणा आला आणि तो फक्त आईच्या हातचं पिऊन गेला, हे तिला कधीच खपायचं नाही.

"दादाच्या घरचा झाला, आता माझ्या घरचा घ्या," ती म्हणाली.

"आत्ताच घेतला हो," तो म्हणाला.

"तो वहिनींचा. त्यांच्यात साखर फार."

आईने दात-ओठ खाल्ले. त्या बिचाऱ्याने दुसरा कप घेतला, एक घोट प्यायला आणि कपाकडे बघत हळूच विचारलं, "हा कुठं केलात?"

"माझ्या स्वयंपाकघरात. मागं. माझं सगळं स्वतंत्र आहे."

हे ती इतक्या तोऱ्यात म्हणाली की मला हसू आलं. त्याने बघू का म्हणून विचारलं, तर ही "या की" म्हणत पुढे झाली. तिने त्याला शेगडी पेटवून दाखवली, नळ सोडून दाखवला, कपाटातल्या बरण्यासुद्धा दाखवल्या. "फारच नीट ठेवलंय," तो म्हणाला. ती फुलून गेली. मग त्याने टेप काढून ओटा मोजला. आम्हाला वाटलं, कौतुकाने मोजतोय. आम्ही दारात उभे राहून हसत होतो, हे आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

भिंतीची परवानगी आली नाही, नोटीस आली. मागच्या बाजूचं बेकायदा दुसरं घर काढून टाका. बाबांनी ती उभ्याने वाचली आणि खुर्ची न बघताच खाली बसले, त्यामुळे जमिनीवरच बसले. आम्हाला आधी वाटलं, पत्ता चुकला असेल. दुसरं घर कुठलं? मी बाबांना घेऊन कार्यालयात गेले.

काउंटरवरचा माणूस सरळ होता, चिडका नव्हता, म्हणून तर जास्त त्रास झाला. तो म्हणाला, "तुमच्या भागात एका प्लॉटवर एकच घर."

"एकच आहे," बाबा म्हणाले. "मागं नुसती खोली आहे."

"खोली असू दे की. किती माणसं झोपतात, किती न्हाणीघरं आहेत, आमचं काही म्हणणं नाही. पण स्वयंपाकघरं दोन झाली की घरं दोन झाली."

"अहो, सख्खी बहीण आहे माझी."

"आम्ही नाती मोजत नाही, काका. ओटे मोजतो."

माझा कानांवर विश्वास बसेना. मी त्याला विचारलं, हा नियम कोणत्या शहाण्याने केला? त्याने न रागावता समजावलं. या भागातली गटारं, पाण्याचे नळ, रस्त्यांची रुंदी, सगळं एका प्लॉटला एक कुटुंब धरून केलंय. आणि कुटुंब म्हणजे काय, हे कुठेतरी ठरवायला लागतं, तर ते चुलीवर ठरवलं. मागचा ओटा आणि शेगडी काढली तर ती खोली तुमच्याच घराचा भाग, खुशाल राहा. नाही काढली तर खोली पाडावी लागेल. यात खोटं काही नव्हतं. आत्या स्वतःच नाही का म्हणाली होती, दादा, मला माझी चूल हवी म्हणून? आमच्या घरात जे ओठांवर आणायला आम्ही कचरत होतो, ते सरकारने नियमात लिहून ठेवलं होतं. मी सुन्न होऊन बाहेर आले.

बातमी गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळी शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. लहानपणी खोटं बोलल्याबद्दल यांनी मला वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. त्या आईला आणि मला हाताला धरून त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या आणि एका कपाटाचं दार उघडलं. आत सुनेची शेगडी, छोटा ओटा, वर मसाल्यांची फळी.

"तपासणीला कुणी आलं की आम्ही इथं कोट टांगतो," त्या म्हणाल्या. "समोरच्यांची शेगडी पलंगाखाली सरकते. तुम्हीच कसे ग इतके बावळट?"

घरोघरी मातीच्या चुली असं म्हणतात, आमच्या गल्लीत घरोघरी दोन-दोन निघाल्या. आई लगेच तयार झाली. म्हणाली, ओट्यावर लाकडी फळी टाकू, वर टेबलक्लॉथ, शेगडी तेवढ्यापुरती माझ्या खोलीत. पण आत्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"दात खोटे करते तेवढं पुरे," ती म्हणाली. "माझ्या घरात मी चोरासारखी अंडं उकडणार नाही."

मग बाबांनी नोटिशीवर घेतलेल्या हरकतीच्या सुनावणीचा दिवस आला. आम्ही चौघे एका लांबट खोलीत बाकावर बसलो. समोर टेबलापलीकडे एक अधिकारी बाई, चष्मा नाकावर, आवाज बसलेला. आत्या तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "वरचे चार माझे आहेत." मला तशाही वेळी हसू फुटलं आणि बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले.

बाईंनी बाबांचं सगळं ऐकून घेतलं. बहीण, एकटी, म्हातारपण जवळ आलेलं. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "मला पटतंय तुमचं, पण माझ्या हातात काही नाही. एक स्वयंपाकघर ठेवा, एक काढा. खोली कुणी पाडणार नाही."

"कुठलं काढायचं?" हे आईने विचारलं. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती.

"म्हणजे मागचंच," बाबा म्हणाले.

"मी त्यांना विचारतेय. कुठलं?"

बाई म्हणाल्या, "आम्हाला काय, कुठलंही. एक राहिलं म्हणजे झालं."

"मग पुढचं काढा," आई म्हणाली. "माझं."

बाबांचं तोंड उघडं ते उघडंच. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, नीट विचार केलाय ना? आई म्हणाली, "माझं रांधून झालंय, बाई. त्यांचं राहू दे." मी आत्याकडे पाहिलं. तिला कोणीतरी थोबाडीत मारावी तसा तिचा चेहरा झाला होता.

बसने आम्ही घरी आलो. घरात पाऊल टाकल्यावर बाबा म्हणाले, "अगं, निदान विचारायचं तरी."

"तुम्ही विचारलंत म्हणून तर ही वेळ आली," आई म्हणाली. मग चपला काढता काढता म्हणाली, "त्यांची शेगडी काढली तर त्या इथं राहायच्या नाहीत. मला ठाऊक आहे. इतकी वर्षं बघतेय मी."

मला खरं सांगायचं तर लाज वाटली. नोटीस आली तेव्हा माझ्या मनात आलं होतं की आईला आतून बरंच वाटत असणार, आता आत्या मुकाट्याने तिच्या हातचं जेवेल. तिच्या पोटची पोर असून मी तिला इतकीच ओळखत होते. आईने दुसऱ्याच दिवशी गवंड्याला निरोप धाडला आणि आपली भांडी खोक्यांत भरायला घेतली. भरताना ती एकेक भांडं पुसत होती आणि ते कधी आणलं, कोणी दिलं हे मला सांगत होती. मला ते ऐकवेना, पण मी ऐकलं.

गवंडी यायच्या आधी एका दुपारी मी कामावरून लवकर आले. मागे जाते तो आत्याची शेगडी बाहेर वाटेवर ठेवलेली. घासूनपुसून लख्ख. गॅसच्या नळीला टोपण बसवलेलं, आत ओट्याच्या जागी विटांचे तुकडे आणि भिंतीवर ओलसर पट्टा. तिने सकाळीच माणूस बोलावून काढून घेतला होता. ती पायरीवर बसली होती, हातात ओलं फडकं. माझ्या पाठोपाठ आई आली आणि जागच्या जागी थिजली.

"वन्सं, हे काय करून बसलात?"

"बसा ना वहिनी," आत्या म्हणाली, जणू चहालाच बोलावलंय.

"मी सांगितलं होतं ना, पुढचं काढणार म्हणून. मी बोलले होते तिथं, सगळ्यांसमोर."

"बोललात. ते ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही." आत्याने फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "तुमची चूल विझवून माझी कशी पेटवू? आणि मग तुम्ही तिघं रोज दोन वेळा माझ्या दारात. दादाला कमी तिखट, हिला गरम लागतं. मी नाही म्हणेन का? करेनच. पण वहिनी, मला एक अंडं उकडायचं असतं हो. मला वाटेल तेव्हा. कुणाला न सांगता. एवढंच हवं होतं. तुम्ही मला अख्खं घर देऊन टाकलंत. ते मी कुठं ठेवू?"

आई तिच्यासमोर कधी रडली नव्हती, त्या दिवशी रडली. आत्याने तिला जवळ घेतलं नाही, तिला ते जमतच नाही. तिने ते ओलं फडकं आईच्या हातात दिलं आणि आईने त्यानेच डोळे पुसले.

मग आत्याने सांगितलं की लॅबच्या वरची खोली रिकामी आहे, मालकाशी बोलून झालंय. बाजाराच्या भागात खाली दुकानं नि वर माणसं असं चालतं आणि तिथे चुली मोजायला कोणी येत नाही. म्हणजे स्वतःच्या भावाच्या जागेत, तिच्याच साठवणीतून बांधलेल्या खोलीत जे तिला करता येत नव्हतं, ते चार परक्या दुकानांच्या डोक्यावर बसून खुशाल करता येत होतं. मी त्यावर बरंच काही बोलले. या नियमांना, त्या टेपवाल्याला, बाबांच्या कुत्र्याच्या भिंतीला, सगळ्यांना धुऊन काढलं. आत्या म्हणाली, "झालं? आता ही शेगडी उचलायला हात लाव."

रविवारी टेम्पो आला. बाबा सामान चढवताना सारखे म्हणत होते की लांब नाही, बसने अर्धा तास, जणू तिलाच नव्हे तर टेम्पोवाल्यालाही पटवायचं होतं. आई घरातून बाहेर आली नाही. तिची खोकी अजून भरलेलीच होती. टेम्पो गेल्यावर तिने ती उघडली, भांडी जागच्या जागी लावली आणि रोजच्यासारखा स्वयंपाक केला. जेवायला बसल्यावर लक्षात आलं की ताटं चार मांडली आहेत. आत्या आमच्यात कित्येक वर्षं जेवत नव्हती. तरी चार.

काही आठवड्यांनी तो टेपवाला परत आला, शेवटची पाहणी करायला. मी त्याला वाटेतच दोन शब्द सुनावायचं ठरवलं होतं, पण तो इतका खाली मान घालून आला की माझी जीभ वळेना. आई किल्ली घेऊन त्याच्याबरोबर मागे गेली, पाठोपाठ बाबा आणि मी. त्याने ओट्याची जागा पाहिली, बंद केलेला नळ पाहिला.

"इथं आता कोण राहतं?"

"कुणी नाही," आई म्हणाली.

"मग काहीच हरकत नाही." त्याचा चेहरा मोकळा झाला. त्यालाही ते जड जात असणार.

"आणि त्या परत आल्या तर? पाणी तरी तापवू द्याल?"

"राहू दे की त्यांना, काकू. फक्त शेगडी नको."

बाबांना वाटलं झालं, ते सही करायला पेन शोधू लागले. तेव्हा आई म्हणाली, "मग पाडून टाका ही."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. बाबांच्या हातातून पेनाचं टोपण पडलं. ही खोली वाचावी म्हणून आम्ही इतके दिवस जिवाचं रान केलं होतं, आणि आईच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता.

"काकू, आता पाडायची गरज नाही," तो माणूस गडबडून म्हणाला. "आता सगळं नियमात बसतंय."

"तुम्हाला नसेल गरज," आई म्हणाली. "मी रोज उठून हिच्यासमोर उभी राहून रांधते. माझ्या ओट्यावरून दुसरं काही दिसतच नाही."

तो टेप गुंडाळत राहिला. ती कधीच गुंडाळून झाली होती.